गुरुजीच्या नावाचं शेड

जमलेल्या मायबापाईले, गुरुजीच्या घरच्या बाईले, अड्याळहून आलेल्या त्याईच्या भावाले माहा नमस्कार.

मी शेवंता. गावातल्या लोकाईले सांगायची गरज नाही, पण बाहेरगावचेही पाहुणे बसले आहेत म्हणून सांगते. मी ह्या शाळेत खिचडी शिजवते. लय वर्षं झाली. सराटा धरणारा हात आहे माहा, माइक धरायची सवय नाही. ऐकू येऊन राहिलं का मांगं? येऊन राहिलं? बरं.

बोलणं जड जाते आहे. पण रडू येते म्हणून नाही. रडायचं ते मी सोमवारी रडली. घाटावरून माणसं वापस आली, तव्हा गुरुजीच्या दारात बसून रडली. आज रडू येऊन नाही राहिलं. आज मले घिन येऊन राहिली. खरं सांगते. तुमची येऊन राहिली अन् माही सोताची येऊन राहिली. शोकसभेत असं बोलू नये, मले समजते. पण मंग कुठं बोलू? तुमी सारे एका जागी कव्हा बसता?

कायची घिन, तेही सांगते. आत्ता माह्या आधी दामूभाऊ बोलले. दामूभाऊ म्हणजे आपल्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्याईनं सांगितलं, का गुरुजीची आठवण राहावी म्हणून शाळेच्या मैदानावर भल्लं मोठं शेड होणार आहे. खाली सिमेंटचा ओटा, वर टिना. समोर गुरुजीच्या नावाचा फलक. धान वाळवायले होईन, पोते ठेवायले होईन, लग्नाच्या पंगतीले होईन. अन् तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! गुरुजीच्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या, अन् तुमी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवली. ज्या मैदानापायी ह्या माणसाचे हाल केले, त्याच मैदानावर सिमेंट टाकायचं अन् त्या सिमेंटले त्याचंच नाव द्यायचं? त्यापेक्षा तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. ते शेड मैदानावर होऊ नये, एवढंच सांगाले मी उभी राहिली. दुसरं काही काम नाही माहं.

दामूभाऊ, बसा. बसा जी. तुमी बोलले तव्हा मी बसूनच होती ना?

तं ऐका. गुरुजी बदली होऊन आले, तो दिवस मले आठवते. मोहाडीच्या बसमधून उतरले. हातात एक पिशवी, गळ्यात शिट्टी. मी म्हटलं, माय वो, हा मास्तर आहे का चौकातला हवालदार? अन् शाळेत पाय ठेवला नाही, तं पहिले माह्याकडे आले. म्हणते, "बाई, चुना आहे का?" मले वाटलं तंबाखूचा खर्रा खाते हा माणूस. मी म्हटलं, "गुरुजी, शाळेत खर्रा चालत नाही." हासले. म्हणते, "खायले नाही बाई, जमिनीवर टाकाले पाहिजे."

मंग त्याईनं मैदानाच्या ह्या टोकाले एक रेघ टाकली, त्या टोकाले एक रेघ टाकली. गाईचं शेण, बाटलीचे काच, गुटख्याच्या पुड्या, सारं सोताच्या हातानं उचललं. अन् शिट्टी मारली. पोट्टे ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत पळाले. थांबले. धापा टाकल्या. पुन्हा पळाले. दुसऱ्या दिवशी नदी-पहाड. तिसऱ्या दिवशी लंगडी. पोरीईसाठी लंगडत उड्या मारायचे बिल्लसचे घरं आखले, तं पोट्टेही त्यात घुसले. गुरुजीही घुसले, पॅन्ट वर खोचून. गावातली माणसं सडकेवर थांबून पाहत अन् म्हणत, "हा मास्तर येडा आहे का जी?"

मले शाळेतलं जास्त समजत नाही. मी चौथी शिकली. पण मले खिचडीचा गंज समजते, ज्यात शिजवते ते भांडं. आधी काय होत होतं, पाव गंज खिचडी रोज उरत होती. पोट्टे दोन घास खात, बाकीचं ताटात ठेवत. मी ते म्हशीले घालत होती. गुरुजीनं खेळाचा तास जेवणाच्या आधी घेतला, अन् पंधरा दिवसात गंज पुसून निघाला. "मावशी, अजून दे. मावशी, खरवड दे." दुपारी वर्गात जे पोट्टे डुलक्या मारत, ते डोळे उघडे ठेवून बसाले लागले. हे मले कोणी सांगितलं नाही. मी माह्या डोळ्यानं पाहिलं आहे.

एक दिवस मी त्याईले विचारलं. म्हटलं, "गुरुजी, हे पोट्टे पाच मिनिटं पळतात अन् धापा टाकत खाली बसतात. मले वाटते आता काही उठत नाहीत. अन् पाहते तं लगेच उठून पुन्हा पळतात. माहा पोरगा प्रकाश एवढा धडधाकट, पण एक डाव दमला का खाटेवरून उठत नाही. असं काहून?"

गुरुजी चुलीपाशी पाटावर बसले. म्हणते, "बाई, माणसाच्या आंगात दोन जातीचा जोर राहते. एक दमाचा जोर. छातीत हवा घेत घेत दूरपर्यंत जायचा. दुसरा झटक्याचा. पोतं उचलायचा, जीव खाऊन पळायचा, ज्याच्यात पाय जळाले लागतात. लहान पोट्ट्याचा दम चांगला राहते. पण झटक्याचा जोर अजून आंगात भरला नाही राहत. तो पोट्ट्याचा आवाज फुटते, पोरगी मोठी होते, त्या वयात भरते. तोवर पोरगा काय अन् पोरगी काय, सारखेच. म्हणून ते थोडं पळते, थांबते, पण ताजंही लवकर होते. त्याले तसंच पळू द्या लागते."

मी म्हटलं, "म्हणजे तणसासारखं. पटकन भडकते, पटकन बसते, फुंकर मारली का पुन्हा भडकते. अन् मोठा माणूस म्हणजे बाभळीचा ओंडका." गुरुजी माह्याकडे पाहतच राहिले. म्हणते, "बाई, आमी ट्रेनिंगले चार दिवस बसलो, तिथं इतकं सोपं कोणी नाही सांगितलं." ते वर्गात जाऊन पोट्ट्याईलेही तेच सांगून आले, माह्या नावानं. माहं नाव वर्गात घेतलं कोणी तं त्या एकाच डाव.

आता धानाची गोष्ट घ्या. दिवाळी झाली का आपल्या गावात काय होते? वावरातल्या साऱ्या बांध्या चिखलाच्या, साऱ्या गल्ल्या अरुंद. सपाट जागा एकच, शाळेचं मैदान. मंग काय, आणा ट्रॅक्टर, टाका धान. कोणाले विचारणं नाही, सांगणं नाही. महिना महिना धान पसरून. माह्या घरचंही पसरून राहते, मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. गुरुजी घरोघरी गेले. हात जोडले. "एक कोपरा सोडा जी, पोट्ट्याईले पळायपुरता." तुमी म्हटलं, "हो गुरुजी, सोडतो ना." दोन दिवस सोडला. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातही धान. अन् पोट्ट्याचा पाय धानावर पडला, तं काठी घेऊन कोण धावलं? मी नाव नाही घेत. पहिल्या रांगेत बसले आहेत.

तरी गुरुजी भांडले नाहीत. पोट्टे घेऊन सुकलेल्या बोडीत गेले. पाणी आटलेल्या तळ्यात शिट्टी वाजे अन् इथपर्यंत ऐकू येई. तुमी म्हणत, "पोट्टे चिखलात घालते हा मास्तर." धान हटवलं नाही, पण नाव ठेवाले तोंड होतं.

हे चालून गेलं असतं. खरं काय झालं, ते पुढं आहे. 

गावातले दोन-तीन पोरं पोलिसात लागले. चांगलं झालं. मीही पेढा खाल्ला. पण त्यानंतर तुमच्या साऱ्याईच्या डोक्षात काय भरलं? पोलीस भरतीत सोळाशे मीटर पळा लागते, तं मंग लहानपणापासूनच पळवा. भरतीले जाणारं पोरगं अठरा-वीस वर्षाचं. तुमी आठ वर्षाचं पोट्टं काढलं. पहाटे मारुतीच्या देवळापासून कालव्याच्या पुलापर्यंत. मांगं बाप मोटारसायकलवर, हातात मोबाईल, त्यात घड्याळ. पुढं पोट्टं. पोट्टं थांबलं का बाप हॉर्न वाजवते. हॉर्न! आपल्या पोटच्या लेकराच्या मांगं हॉर्न! अवं, शंकरपटातला बैल पळवला तं त्याले पाणी दाखवता तुमी, आंग पुसून देता. पोट्ट्याले काय दिलं? "कालच्यापेक्षा उशीर केला, बेशरम." हे दिलं.

गुरुजी सडकेवर उभे राहून सांगत. ह्या बापाले सांगत, त्या बापाले सांगत. "अजून त्या वयाचं नाही जी ते. खेळू द्या त्याले. खेळता खेळता दम वाढते. हे मोठ्याईचं अंतर आहे." माहा प्रकाश त्याईले तोंडावर म्हणाला, "गुरुजी, तुमी लंगडी शिकवा. आमाले नोकरी पाहिजे." नोकरी! नऊ वर्षाची पोट्टी माही नात. चेतना. तिचे दुधाचे दात अजून पुरे पडले नव्हते, अन् तिले नोकरी पाहिजे.

झेंड्याच्या दिवशी गावानं स्पर्धा ठेवली. शाळेनं नाही, हे ध्यानात ठेवा. गावानं. लहान पोट्ट्याईचे सोळाशे मीटर. गुरुजी आडवे आले. म्हणाले, "रेघ ते रेघ पळवा. टोळ्या करून काठी हातात देऊन पळवा. लंगडी ठेवा. मी सारी तयारी करतो. पण हे नका करू." दामूभाऊ म्हणाले, "गुरुजी, तुमी शाळा पाहा. स्पर्धा आमी पाहतो." आठवते ना दामूभाऊ? मले आठवते. मी तिथंच चहाचे कप धुवत होती.

चेतना पहिली आली. तिच्या मांगं प्रकाशची मोटारसायकल होती. पुलाजवळ ती पडली, उठली, पुन्हा पळाली, अन् रेघ ओलांडून ओकली. ओकता ओकता तिच्या हातात स्टीलचा डबा दिला अन् फोटो काढला. त्या फोटोत तिच्या फ्रॉकवर ओकारी आहे. आमच्या घरात तो फोटो लावून होता. मी काढला काल.

त्या दिवसापासून तिले ताप. पायाचा टोंगळा, गुडघा, सुजून भोपळ्याएवढा. तीन आठवडे पोट्टी खाटेवर. ताप उतरला, टोंगळाही उतरला. पण पोट्टी पळायची बंद झाली ती झालीच. मोटारसायकलचा आवाज आला का कोठीत जाऊन बसे. बकरी सुटली तरी मांगं पळत नव्हती. चालत जात होती, म्हाताऱ्या बाईवानी.

अन् मंग गावात एक कागद फिरला.

कागदात काय होतं? का सेलोकर गुरुजी शिकवत नाहीत. पोट्टे उन्हात पळवतात. त्याईच्या पळवण्यानं एक मुलगी गंभीर आजारी पडली.

ती एक मुलगी म्हणजे माही चेतना.

आता बोला. कोणी पळवलं तिले? गुरुजीनं? सारं गाव सडकेच्या दोन्ही बाजूनं उभं होतं. साऱ्याईनं पाहिलं. अन् साऱ्याईनं सह्या केल्या. आपल्या हातानं लेकराचा दम काढला, अन् तो जो माणूस नका करू, नका करू म्हणत होता, त्याच्याच नावानं कागद केला. काहून केला? कारण मैदान पाहिजे होतं. खेळाचा तास बंद झाला का मैदान बाराही महिने मोकळं. दुसरं काही नाही. पोट्टीचा टोंगळा तुमाले कामी आला.

थांबा. "तुमी, तुमी" करून राहिली मी. आता माही गोष्ट.

तो कागद प्रकाश माह्यापुढं घेऊन आला. मी वाचला. मले वाचता येते. शेवटपर्यंत वाचला. खोटा आहे हे मले माहीत होतं, प्रकाशलेही माहीत होतं. प्रकाश म्हणाला, "सही कर माय. नाही केली तं समिती तुले चुलीवर ठेवणार नाही." अन् मी केली. वरून तिसरी सही माही आहे. पाहा जाऊन. 'शेवंता' असं लिहिलं आहे, स्वच्छ, कोणालेही वाचता येईन.

आता तुमी खाली काहून पाहून राहिले? मी तं नाही पाहून राहिली.

चौकशीले साहेब आले. मलेही विचारलं, "बाई, तुमी रोज इथं राहता. गुरुजी पोट्टे उन्हात पळवत होते का?" गुरुजी तिथंच उभे होते, दोन हाताच्या अंतरावर. मी गंजात पाहिलं. मी म्हटलं, "मले काय माहीत साहेब, मी चुलीपाशी राहते." एवढंच. एवढ्या एका वाक्यात मी त्या माणसाले विकलं. अन् गुरुजीनं काय केलं? त्याईले सांगता आलं असतं, का ती स्पर्धा गावानं ठेवली, पोट्टीच्या मांगं तिचाच बाप होता. नाही सांगितलं. साहेबानं दोन डाव विचारलं तरी नाही सांगितलं. मंग मी त्याईच्या बाईकडून ऐकलं. ते घरी म्हणाले होते, "चेतना वर्गात बसून होती, खिडकीतून ऐकत होती. तिच्यापुढं तिच्या बापाले कसं पाडू?"

खेळाचा तास बंद झाला. शिट्टी टेबलाच्या खणात गेली. गुरुजीले बसवलं माहिती भरत. हा फॉर्म, तो फॉर्म, मोबाईलवर फोटो टाका. पोट्टे वर्गात. मैदानावर धान, धान सरलं का ट्रॅक्टर, ट्रॅक्टर गेले का लग्नाचा मांडव. अन् माह्या गंजात पाव खिचडी पुन्हा उराले लागली. म्हैस माजली माही.

चौकशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मले वाटलं, हा माणूस आता माह्या हातचं खाणार नाही. रोज पोट्ट्याईच्या आधी एक घास चाखाले येत ते. त्या दिवशीही आले. वाटी पुढं केली. घास घेतला. म्हणाले, "मीठ बरोबर आहे बाई." अन् गेले. मले शिवी दिली असती तं मी उभी राहिली असती. मिठाचं बोलले, तं मी चुलीत तोंड घालून लाकडं सारत बसली.

एक डाव मी हिंमत केली. म्हटलं, "गुरुजी, मले काही बोलायचं आहे." त्याईनं ओळखलं. म्हणाले, "आधी पोट्ट्याईले वाढा बाई, थंडं होऊन राहिलं." मी वाढलं. मंग बोलणं राहूनच गेलं. आज म्हणीन, उद्या म्हणीन. आता कोणाले म्हणू? म्हणून तुमच्यापुढं म्हणून राहिली. गुरुजीच्या बाई, तुमच्यापुढं म्हणून राहिली. माही चूक झाली. चूक नाही, पाप झालं. माफ करा असं नाही म्हणत, माफ करायसारखं नाही ते.

अन् पुढं ऐका, हा माणूस कसा होता. उन्हाळ्यापासून ते आमच्या गल्लीतून घरी जात. रस्ता तो नव्हता त्याईचा, पण जात. आमच्या आंगणात थांबत, कोळशानं बिल्लसचे घर आखत, अन् सोता लंगडत उड्या मारत. पन्नाशी ओलांडलेला माणूस! चेतनाले एक शब्द बोलत नव्हते. ये म्हणत नव्हते, खेळ म्हणत नव्हते. उड्या मारत, पाणी मागत, पीत, जात. पोट्टी दाराआडून पाहे. असं किती दिवस चाललं! मी म्हटलं, गुरुजी, कायले जीव काढता, ती नाही येत. म्हणाले, "बाई, तिले पळ पळ म्हणून म्हणूनच तं हे झालं." मागच्या आठवड्यात पोट्टी बाहेर आली. एक घर उडली. दोन घरं उडली. तिसऱ्यात उभी राहिली अन् हासली. किती महिन्यानं हासली, मी नाही मोजले. गुरुजीनं फक्त मान हालवली अन् सायकल घेतली.

सोमवारी सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता गेले. छातीत कळ आली, बाईले हाकही नाही मारता आली.

अन् घाटावर काय बोलणं चाललं होतं, तेही माह्या कानावर आलं आहे. "एवढा पळणारा माणूस, तोही अ‍ॅटॅकनं गेला. पळून काय फायदा झाला जी?" चिता विझली नव्हती. तोंडात खर्रा अन् हे बोलणं. थू! हो, थू म्हटलं मी. माइकमध्ये म्हटलं.

फायदा विचारता ना? तं माह्या गंजाले विचारा. नाही तं माह्या नातीले विचारा.

आता शेडाचं बोलते अन् बसते. दामूभाऊ, शेड वाईट नाही. धान पावसात भिजते, मलेही कळते. माहंही भिजते. शेड बांधा. पण मैदानावर नाही. माह्या घरामांगची जागा आहे, जिथं मी धानाचे पऱ्हे, रोपं टाकते, सडकेले लागून. ती घ्या. लिहून देते. प्रकाश, तू डोळे नको वटारू, ती जागा माह्या बापानं माह्या नावानं केली आहे. तिथं शेड बांधा, धान टाका, पंगती उठवा. अन् त्याले गुरुजीचं नाव देऊ नका. माहंही नको. नाव धानाचं द्या. मैदानाले कोणाचंच नाव नको. तिथं दोन रेघा पाहिजे, बस. चुना मी आणीन.

अन् त्या कागदावरची माही सही मी आज साऱ्या गावापुढं वापस घेते. साहेबापुढंही जाऊन सांगीन, मोहाडीले जा लागलं तं मोहाडीले जाईन. चुलीवरून काढायचं असन तं काढा. ज्याईले आपली सही वापस घ्यायची आहे त्याईनं उद्या माह्यासंगं या. मी वाट पाहीन, पण जास्त वेळ नाही पाहणार.

अजून एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी दामूभाऊनं मैदानावर शेडाचं माप टाकलं. चार कोपऱ्यात चार खुंट्या ठोकल्या, सागाच्या, चांगल्या जाडजूड. सभेनंतर नारळ फोडायचा होता म्हणे. दामूभाऊ, सकाळपासून तुमी त्या खुंट्या शोधून राहिले. शिपायाले दोन डाव विचारलं. मले नाही विचारलं.

त्या मी उपटल्या. पहाटे. हात सोलले, हे पाहा. अन् चुलीत घातल्या. सभा सुरू व्हायच्या आधी तुमी साऱ्याईनं जो चहा घेतला, दामूभाऊ दोन कप प्यायले, तो त्याच्यावरच उकळला. साग चांगला जळते.

आता श्रद्धांजली. दोन मिनिटं उभं राहायचं, असं कार्यक्रमाच्या ह्या कागदात लिहून दिलं आहे मले. राहू. पण पोट्ट्याईले नका उभं करू. दीड तास झाला ते तोंडावर बोट ठेवून बसले आहेत, मांड्या मोडल्या असतील त्याईच्या. पोट्टेहो, उठा. जा मैदानावर. पळा. दम लागला का थांबजा, दम आला का पळजा. चेतना, तू जा नाही तं इथंच राह्य, तुह्या मनानं कर माय. तुले कोणी काही म्हणणार नाही.

अन् आपण मोठे, आपण उभे राहू. मोबाईल खिशात. माना खाली. कोणी त्या लेकराईले शांत बसा म्हणणार नाही, कोणी ओरडणार नाही. गप राहायचं आपण. आजवर लय बोललो.

गुरुजी, नमस्कार.

उभे राहा.